म्हापशाचा दुरुस्तीवाला, दोन रकाने आणि एक उसनी रॅम

मी गोव्यात डिचोलीला डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावण्याचं काम करते. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, शाळांची वार्षिकं. चवथीआधीचे (गणेश चतुर्थीआधीचे) दोन महिने तर श्वास घ्यायला सवड नसते, कारण तेव्हा मंडळांच्या स्मरणिका आणि आरतीसंग्रह येतात. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, नेमक्या त्याच दोन महिन्यांत माझा नवा कॉम्प्युटर अडून बसला आणि म्हापशातल्या एका माणसाने तो मार्गी लावला. त्या दुकानाबद्दल हे लिहिते आहे. दुकानाचं नाव आणि फोन नंबर देत नाही, कारण तशी विनंती त्यांनीच केली. एकटे आहेत, आहे तेवढंच काम त्यांना पुरतं. म्हापशाच्या बाजारामागे चौकशी केलीत तर कुणीही दाखवेल.

आधी कॉम्प्युटरबद्दल. माझा जुना डेस्कटॉप २०१३ चा. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि त्या मशीनवर विंडोज ११ चढण्यासारखं नव्हतं. डिप्लोमा करणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, सुटे भाग मागवू, मी घरी जोडून देतो." रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो बोर्ड, लहान आकाराचा), आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी), ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाईली साठवायची), ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट. सगळं मिळून ३५ हजारांच्या आसपास. मॉनिटर जुनाच ठेवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, कारण ५६००जी मध्ये ते आतच असतं आणि पानं लावायला तेवढं भरपूर होतं.

भाच्याने मन लावून जोडलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. प्रोसेसरच्या पिना वाकू नयेत म्हणून तो श्वास रोखून बसला होता. रॅम कुठल्या खाचांत बसवायच्या ते त्याने पुस्तिका उघडून पाहिलं: दोनच असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच. मदरबोर्डवर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला. रॅम काढून पुन्हा घट्ट बसवल्या, दोन्हीकडून टक् असा आवाज आला आणि पडदा उजळला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे तीन आठवडे त्या टाळ्या आठवून वाईट वाटत राहिलं.

विंडोज चढवताना मध्येच 'फाईल कॉपी होत नाही' असा निरोप. दुसऱ्या खेपेला चढलं. मग निळा पडदा. आज त्यावर बिघाडाचं एक नाव, उद्या दुसरं. मग पडद्यावर रंगीत ठिपक्यांची ओळ यायला लागली, आपोआप यायची आणि जायची. आणि कधी कधी काहीच न सांगता, वायर खेचल्यासारखं, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. भाच्याने दोन रात्री जागून विंडोज दोनदा नव्याने टाकलं. एका मंडळाच्या आरतीसंग्रहाची फाईल संध्याकाळी सेव्ह केली ती सकाळी उघडेना. चौसष्ट पानं होती. सुदैवाने आदल्या दिवशीची प्रत जुन्या मशीनवर होती.

जवळच्याच एका दुकानात नेलं. तिथे दहा मिनिटं पाहून निकाल मिळाला: "रंगीत ठिपके दिसतात म्हणजे ग्राफिक्स गेलं. तुमचं ग्राफिक्स बोर्डावरच आहे, म्हणजे मदरबोर्ड बदला." साडेनऊ हजार सांगितले. पाहण्याचे तीनशे घेतले. मी बदलायला तयारही झाले होते, पण भाचा अडून बसला. "अंदाजाने साडेनऊ हजार नको घालूया, मावशी." म्हापशाच्या दुकानाचा पत्ता त्याच्या एका सरांनी दिला होता.

फोन तिसऱ्या दिवशी लागला. या दुकानाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच, ती आधीच नोंदवून ठेवते. काम चालू असताना ते फोन उचलत नाहीत आणि मागाहून करतही नाहीत. पण एकदा लागल्यावर मात्र त्यांनी नीट सांगितलं: कॅबिनेट, सगळ्या भागांचे खोके, उरलेले स्क्रू, वायरी, बिलं, सगळं आणा. मॉनिटर नको. आणि शुक्रवारी येऊ नका. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, गाडी लावायला जागा मिळणं अशक्य.

सोमवारी भावोजींच्या गाडीत घालून, दोन प्लास्टिकांत गुंडाळून, अस्नोड्याच्या वाटेने म्हापसा गाठलं. सतरा-अठरा किलोमीटरचाच रस्ता, पण जुलैचा पाऊस असा की थिवीपर्यंत वायपरला उसंत नव्हती. दुकान पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद आणि चढा. वयस्कर माणसाला किंवा एकट्या बाईला कॅबिनेट घेऊन चढणं जमणार नाही, कुणाला तरी सोबत न्या. आत एकच खोली, मधोमध लांब लाकडी टेबल, त्यावर रबराची चटई. बसायला एकच खुर्ची.

मालक पन्नाशीतले, बोलणं कोंकणीतून, हळू. मी गेल्या गेल्या म्हटलं, "मदरबोर्ड गेलाय." त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "तुमी पळयलें तें सांगात." म्हणजे तुम्ही जे पाहिलंत तेवढंच सांगा. मदरबोर्ड गेला हे मी पाहिलेलं नव्हतं, मी ऐकलेलं होतं. मग मी आणि भाचा आठवून आठवून एकेक गोष्ट सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. पंधरा-वीस मिनिटं मशीनला हातही लावला नाही.

त्यांनी पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. निळा पडदा, रंगीत ठिपके, न उघडणारी फाईल, अर्धवट राहिलेलं विंडोज हे सगळं डावीकडे. काही न सांगता खाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होणं हे एकटंच उजवीकडे. मला तेव्हा ते कळलं नाही. तीन आठवडे आम्ही या सगळ्याला एकच आजार समजत होतो. त्यांनी वेगळं का लिहिलं हे भाच्याने विचारलं तेव्हा म्हणाले, निळा पडदा येतो तेव्हा विंडोज जिवंत असतं, त्याला काहीतरी चुकलंय एवढं कळतं आणि ते स्वतःहून थांबतं. खाडकन बंद होतं तेव्हा विंडोजला कळायलाही वेळ मिळत नाही, तिथे वीज तुटलेली असते. दोन्हींचं कारण एक असेलही, पण ते आधीच धरून चालायचं नाही.

माझ्या मते या माणसाला पैसे द्यायचे ते या दोन रकान्यांचे.

मग त्यांनी मदरबोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि पॉवर सप्लाय एवढंच जोडलं. एसएसडी काढली, पुढच्या बटणांच्या वायरीही काढल्या. बटण नाही तर चालू कसं करणार, असं मला वाटलं, तर त्यांनी बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. चालू. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत जाऊन सगळं मूळ स्थितीला आणलं. भाच्याने रॅम ३२०० च्या वेगाने चालावी म्हणून एक्सएमपी ही सेटिंग लावली होती, ती आधी बंद केली. मूळ २१३३ च्या वेगावर चूक येते का हे पाहायचं होतं, कारण वाढवलेल्या वेगावर येणारी चूक रॅमच्या माथी मारणं बरोबर नाही.

दोन्ही रॅमवर त्यांनी कागदी टेपचे तुकडे चिकटवले, एकावर 'क', एकावर 'ख'. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ सुरू केलं. हा प्रोग्राम विंडोजशिवाय चालतो, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून तेच आहेत का पाहतो. 'क' दुसऱ्या खाचेत होती. सहाव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळ आली, मग ओळीच ओळी. मी म्हटलं, "सापडलं!" ते म्हणाले, "एका वेळार एकूच." खाच खराब असेल तर? 'क' काढून त्याच खाचेत 'ख' लावली. एक पूर्ण फेरी, पाऊण तास, एकही चूक नाही. मग 'क' चौथ्या खाचेत: पुन्हा लाल ओळी. 'ख' चौथ्या खाचेत: स्वच्छ. म्हणजे खाचा दोन्ही ठीक, मदरबोर्डाचा तो भाग ठीक, खराब ती 'क'.

मध्ये दुपारचा एक वाजला आणि दुकान बंद झालं. साडेतीनला उघडतं. टेस्ट चालूच ठेवून ते जेवायला गेले, आम्हीही बाजारात पातळभाजी-पाव खाऊन आलो. परगावाहून जाणार असाल तर सकाळी दहालाच पोचा, म्हणजे दुपारची सुट्टी तुमच्या टेस्टच्या कामी येते.

रंगीत ठिपक्यांचं कोडं त्यांनी जे सांगितलं त्यावरून सुटलं, आणि ते ऐकून मला त्या साडेनऊ हजारांची आठवण झाली. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की त्याला स्वतःची मेमरी असते. ५६००जी सारख्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मात्र मशीनच्या साध्या रॅममधलाच एक तुकडा वापरतं. पडद्यावर दिसणारं चित्र त्याच रॅममध्ये ठेवलेलं असतं. तिथले काही कप्पे खोटं बोलायला लागले की ते खोटं पडद्यावर ठिपके होऊन दिसतं, आणि माझ्या आरतीसंग्रहात न उघडणारी फाईल होऊन दिसतं. ग्राफिक्स बिचारं मिळालं तसं दाखवत होतं. मदरबोर्ड बदलला असता तर ठिपके नव्या मदरबोर्डवरही आलेच असते.

आणि साध्या रॅमला आपण चुकतोय हे कळतच नाही. सर्व्हरमध्ये ईसीसी प्रकारची रॅम असते, ती एखादा बिट उलटला तर ओळखते आणि सुधारते. आपल्या घरच्या मशीनमध्ये चुकीचा आकडा निमूटपणे एसएसडीवर जाऊन बसतो. हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तीन आठवडे मी त्या मशीनवर काम सेव्ह करत होते. आणि भाच्याने दोन रात्री जागून जे विंडोज नव्याने टाकलं तेही त्याच रॅममधून गेलं होतं. त्यांनी बजावून सांगितलं: हे विंडोज पुसा, चांगल्या रॅमवर पुन्हा टाका, आणि या तीन आठवड्यांतली प्रत्येक फाईल उघडून पाहा. मी पाहिली. आरतीसंग्रहाशिवाय आणखी एक निघाली, एका शाळेच्या वार्षिकातला फोटो, ज्याच्या खालच्या भागात करड्या पट्ट्या आल्या होत्या. पडद्यावर छोट्या आकारात ते लक्षात आलं नसतं, छापल्यावर आलं असतं. घरी मशीन जोडणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, की विंडोज टाकायच्या आधी एक रात्र मेमटेस्ट चालवा. फुकट आहे.

संध्याकाळी पॉवर सप्लाय तपासला. चोवीस पिनांच्या जोडाला मागून मल्टिमीटरच्या सुया लावल्या: पिवळ्या वायरीवर १२.०८ व्होल्ट, लालवर ५.०३, नारिंगीवर ३.३१. तिन्ही ठीक, पाच टक्के वर-खाली चालतं म्हणाले. पण मल्टिमीटर क्षणापुरती पडलेली वीज दाखवत नाही, म्हणून त्यांना स्वतःचा खात्रीचा पॉवर सप्लाय लावून आणि माझा काढून पाहायचं होतं, आणि कॅबिनेटसकट सगळं दोन दिवस ठेवून घ्यायचं होतं. "उजवो रकानो अजून रितो आसा," म्हणाले. म्हणजे त्या रकान्यातल्या तक्रारीचं कारण अजून सापडलेलं नाही.

मी ऐकलं नाही. चूक माझी. मला स्मरणिका दिसत होती, तिच्या फाईली १४ ऑगस्टला छापखान्यात पोचवायच्या होत्या. रॅम सापडली, आता झालं, असं मला वाटलं. 'ख' एकटी लावून मशीन घरी आणलं, विंडोज नव्याने टाकलं. मंगळवारी दुपारपर्यंत निळा पडदा नाही, ठिपके नाहीत. चार वाजता मागच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावला आणि खाडकन बंद.

बुधवारी पुन्हा म्हापसा. "सांगितलं होतं ना" असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. वही उघडली, उजव्या रकान्यात मी सांगितलेलं लिहिलं: 'पेन ड्राइव्ह लावताना, मागे.' त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मदरबोर्ड परत पुठ्ठ्यावर. माझाच पॉवर सप्लाय, माझीच 'ख'. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम तीन तास चालवला, मागे पेन ड्राइव्ह वीसदा लावला-काढला. काहीही झालं नाही. आता त्यांचा पॉवर सप्लाय लावून तो तसाच ठेवून मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला. पेन ड्राइव्ह लावला, तिसऱ्या वेळी बंद. ते पहिल्यांदा हसले. पुठ्ठ्यावर चालतं, कॅबिनेटमध्ये चालत नाही, पॉवर सप्लाय कुठलाही असो. उरलं काय? डबा.

कॅबिनेटच्या आत मदरबोर्डाखाली पितळेचे छोटे खांब असतात, स्टँडऑफ. मदरबोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि दोन्हींची भोकं काही ठिकाणी वेगळी. कॅबिनेट दोन्ही प्रकारांसाठी असतं, तेव्हा आपल्या मदरबोर्डाला भोक नाही तिथला खांब आपण काढून घ्यायचा असतो. माझ्या मदरबोर्डाला भोकं आठ. कॅबिनेटमध्ये खांब नऊ, कारखान्यातूनच लावून आलेले. नववा नेमका मदरबोर्डाच्या खाली. त्यांनी टॉर्च धरून भाच्याला दाखवला, मग मदरबोर्ड उलटा करून मागची बाजू दाखवली. एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा चकाकता ओरखडा होता. एरवी केसभर अंतर राहायचं. मागून काही खुपसलं की मदरबोर्ड किंचित वाकायचा आणि त्या खांबाला टेकायचा. टेकला की शॉर्ट, पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद.

पक्कडीने तो खांब काढायला अर्धा मिनिट लागला. त्या दिवसापासून आजपर्यंत मशीन एकदाही असं बंद पडलेलं नाही.

भाच्याचा चेहरा उतरला होता. त्यांनी तो काढलेला खांब त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, तू पिना वाकवल्या नाहीस, पंखा नीट बसवलास, पंख्याखालची पेस्ट बेताची लावलीस, हे मी सोमवारीच पाहिलं. पुढच्या वेळी मदरबोर्ड आत ठेवण्याआधी भोकं मोज आणि खांब मोज, दोन्ही आकडे एक आले पाहिजेत. भाच्याने विचारलं, "अंकल, या शॉर्टमुळेच रॅम गेली का?" ते म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. असेल, किंवा रॅम आलीच तशी असेल. माझ्याकडे पुरावा नाही. आदल्या दुकानातल्या दहा मिनिटांच्या निकालानंतर "सांगता येणार नाही" हे ऐकून मला केवढं बरं वाटलं, ते कसं सांगू.

आता वॉरंटीचं. ते स्वतः वॉरंटीची कामं करत नाहीत, कुरिअरही करत नाहीत. तुम्हाला कुणीतरी सगळं उरकून द्यायला हवं असेल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही. पण काय करायचं ते नीट सांगतात. रॅम जोडीने विकलेली असली तर 'ख' चांगली असूनही दोन्ही एकत्र पाठवायच्या, एकटी सहसा घेत नाहीत. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, दोन्ही रॅमवरचे अनुक्रमांक दिसतील असा फोटो, जीएसटीचं बिल. मूळ प्लास्टिकच्या खोक्यात घालून, अँटिस्टॅटिक पिशवीत. एवढं सगळं जोडून पाठवल्यावर विक्रेत्याने एकही उलट प्रश्न विचारला नाही. त्याआधी नुसतं "कॉम्प्युटर बंद पडतो" असं लिहिलं होतं तेव्हा मला "विंडोज पुन्हा टाकून पाहा" एवढंच उत्तर आलं होतं.

पण दोन्ही रॅम पाठवल्या की मशीन चालणार कशावर? त्यांनी टेबलाच्या खणातून आठ जीबीची एक रॅम काढली. तिच्यावर कागदी टेप, टेपवर 'दुकान' असं लिहिलेलं. हजार रुपये अनामत घेतली आणि म्हणाले, तुमची आली की आणून द्या. त्या एका उसन्या रॅमवर मी स्मरणिका, दोन आरतीसंग्रह आणि तीन पावतीपुस्तकं पूर्ण केली. एकच रॅम असल्याने मशीन जरा सावकाश चालत होतं, मोठे फोटो उघडायला वेळ लागायचा, पण एकही फाईल बिघडली नाही. १३ तारखेला रात्री साडेअकराला शेवटचं पान छापखान्याला पाठवलं.

खर्च असा: तपासणीचे चारशे, पुन्हा बसवण्याचे दोनशे. दुसऱ्या खेपेचे वेगळे घेतले नाहीत. पैसे यूपीआयने चालतात. पावती हाताने लिहून देतात, मागितली तर. मी म्हणेन, मागाच, कारण तिच्यावर काय तपासलं आणि काय आढळलं तेही लिहितात. वॉरंटीच्या कागदांत मी ती जोडली होती. सुटे भाग विकत नाहीत, वायरी आणि बायोसचा तीन व्होल्टचा सेल एवढंच ठेवतात. म्हणून त्यांना तुमचा मदरबोर्ड खराब ठरवण्यात काही मिळवायचं नसतं. लॅपटॉप घेत नाहीत. 'तासाभरात द्या' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणतात. ज्याचं काम खोळंबलंय त्याला हे जड जातं, मलाही गेलं. पण काय बिघडलंय हे शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ते घेतात, एवढं मी समोर बसून पाहिलं आहे.

एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली, तिचा या बिघाडाशी संबंध नव्हता, तरी लिहिते. बुधवारी निघताना विचारलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की घरी झिणझिण्या येतात का? यायच्या. मला वाटायचं पावसाळ्याची ओल. ते म्हणाले, खोलीच्या सॉकेटला अर्थिंग नसेल. पॉवर सप्लायच्या आत विजेतला गोंगाट गाळून जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची वायरच नसली की सोडायला जागा राहत नाही आणि पत्र्यावर वीजवाहिनीच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण दुसरा काही बिघाड झाला तर वाचवायला ती तिसरी वायरच असते. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. वायरमनला बोलावून सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकाला आतून काहीच जोडलेलं नव्हतं. ते करून घेतलं. झिणझिण्या गेल्या. माझी सहा वर्षांची पुतणी त्या खोलीत अनवाणी खेळत असते.

पावसाळ्याबद्दलही सांगितलं: आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट की बंद पडून राहिलेलं मशीन लवकर बिघडतं. वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. आणि एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून आणलेला भाग लगेच उघडू नका, खोक्यासकट बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर थंड धातूवर पाणी धरतं.

बदलून आलेल्या दोन्ही रॅम २२ ऑगस्टला मिळाल्या, चवथीच्या पाच दिवस आधी. भाच्याने आधी रात्रभर मेमटेस्ट चालवली, 'क' आणि 'ख' च्या नव्या चिठ्ठ्या लावून. दोन्ही स्वच्छ. चवथ झाल्यावर पुढच्या आठवड्यात मी उसनी रॅम परत द्यायला म्हापशाला गेले, एकटीच, बसने. घरच्या नेवऱ्यांचा डबा नेला होता. त्यांनी अनामत परत केली, भाडं विचारलं तर "कांय ना" म्हणाले. मग रॅम खणात ठेवण्याआधी टेबलावरच्या मदरबोर्डात लावली आणि मेमटेस्ट सुरू केली. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, ते त्यांनी लगेच सांगितलं. खणातली ही रॅम पुढच्या माणसाला खात्रीची म्हणून द्यायची असते, आणि ती महिनाभर दुसऱ्याच्या घरी राहून आली होती. मला बसची घाई नव्हती. फेरी पूर्ण होईपर्यंत मी त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून राहिले. एकही लाल ओळ आली नाही, तेव्हा त्यांनी टेपवर त्या दिवसाची तारीख लिहिली आणि खण बंद केला.